पानमळ्यातलं खोटं वळण

तुम्ही कधी, खुर्चीवरून न उठता, कुणाच्या उभ्या मळ्यातून पाट खणला आहे का?

मी खणला आहे. त्यासाठी मला कुदळ लागली नाही की फावडं लागलं नाही. एक रूलिंग पेन, दोन थेंब काळी शाई आणि नकाशावरची पाऊण इंच जागा, एवढं पुरलं. वर त्या दिवशी साहेबांनी चारचौघांत माझं कौतुक केलं आणि त्या आनंदात मी घरी जाताना अर्धा डझन केळी घेऊन गेले.

मी ट्रेसर आहे. सांगलीत पाटपाण्याच्या एका कचेरीत नकाशे गिरवते. माझे वडील माधवनगरला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. गिरणी कामगारांची पत्रकं तिथं छापली जायची आणि चुकलेले कागद आमच्या घरी यायचे, पाठकोऱ्या बाजूवर हिशेब करायला. मी हिशेब कमी केले, पत्रकंच जास्त वाचली. मुळाक्षरांनंतर मला पहिला जोडशब्द लिहिता आला तो ‘निषेध’ नव्हे, तर ‘तीव्र निषेध’. तेव्हा सरकारी नोकरीत शिरताना मी मनाशी ठरवलं होतं, की इथं अन्याय दिसला की आपण उभं राहायचं. पहिला अन्याय माझ्याच टेबलावर माझ्याच हातून होणार आहे, हे कुठल्या पत्रकात छापलेलं नव्हतं.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगते. मोजणी करणारा माणूस शेतात जातो. त्याच्याकडे तेहतीस फुटांची लोखंडी साखळी असते, तिचे सोळा सारखे भाग, त्यांना आणे म्हणतात. तो दोन दगडांच्या मधून एक सरळ रेघ धरतो, साखळी टाकत टाकत त्या रेघेवरून चालतो आणि रेघेपासून डावीकडे विहीर किती, उजवीकडे वाट किती, हे वहीत लिहीत जातो. ती वही कचेरीत येते. तिच्यावरून नकाशा तयार होतो. नकाशाच्या वर आम्ही निळसर, गुळगुळीत ट्रेसिंग कापड पसरतो, त्याच्यावर पावडर चोळतो म्हणजे शाई धरते, आणि एकेक रेघ उतरवून घेतो. एका गावाचा एक तुकडा. पाट मात्र एका गावात थांबत नाही. म्हणून तुकड्याला तुकडा लावून मोठा जोडनकाशा करावा लागतो. तिथं आमची खरी परीक्षा.

कारण एका तुकड्यावरचा ओढा काठापाशी येऊन थांबतो आणि दुसऱ्या तुकड्यावर तोच ओढा जरा भलतीकडून सुरू होतो. केसाएवढा फरक असेल तर तो कापड ताणल्याचा. पण आमच्या नकाशात एका मिलिमीटरला जमिनीवरचे सव्वीस फूट होतात. चार मिलिमीटर म्हणजे शंभर फूट. शंभर फुटांत माणसाचं घर, गोठा आणि भांडण, सगळं मावतं.

जोड शिकवला तात्यांनी. तात्या आमचे हेड ड्राफ्ट्समन, साताऱ्याचे, तंबाखू सोडलेले आणि त्यामुळे कायम चिडलेले. ते म्हणायचे, “हे बघ शालन, रेघ कमी पडली तर ती लोंबते. जास्त गेली तर तिला शिंग फुटतं. आणि ओल्या शाईवर ओली शाई आणलीस तर गाठ होते. टोक टोकाला टेकलं पाहिजे आणि जोड कुठाय ते खुद्द मलाही सापडता कामा नये.” मग ते भिंग घेऊन माझा जोड शोधायचे. सापडला की, “हा काय, फाटकं धोतर शिवलंय!” नाही सापडला की काहीच बोलायचे नाहीत. ते गप्प बसावेत म्हणून मी दोन वर्षं जिवाचं रान केलं. तिसऱ्या वर्षी ते रोज गप्प असायचे.

त्यांच्या कडकपणाचं एक उदाहरण सांगते. इस्लामपूरकडचा एक गृहस्थ गुळाची ढेप घेऊन आला होता. त्याच्या शेतातून जाणारा ओढा नकाशावर ‘एवढासा’ सरकवून हवा होता. तात्या म्हणाले, “मी सरकवतो, माझं काय जातंय. पण आधी ओढ्याला विचारून या. तो हो म्हणाला तर मला कळवा.” गृहस्थ ढेप उचलून गेला. असा माणूस. पण याच माणसाने मला एक वाईट सवयही लावली होती. टोकं जुळली नाहीत, की दोन्हीकडून अर्धा अर्धा फरक घ्यायचा आणि मधे एक मऊ वळण काढायचं. कचेरीत त्याला ‘निम्मं निम्मं’ म्हणत. त्यांना त्यांच्या हेडने शिकवलं, त्यांनी मला.

तर तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एका चारीचा जोडनकाशा आला. चारी म्हणजे मोठ्या पाटातून निघणारा छोटा पाट. ही चारी आमच्या जिल्ह्यातल्या तळसंग गावातून निघून शीव ओलांडून सातारा जिल्ह्यातल्या आडवाडीला पाणी देणार होती. जुन्या गाडीवाटेची सरकारी पट्टी दोन्ही गावांतून जात होती. तिच्यावरूनच चारी न्यायची, म्हणजे कुणाची जमीन घ्यायला नको, असा साहेबांचा विचार, आणि तो चांगलाच होता. वाट तशी नांगरून, झुडपं वाढून कधीच बुजली होती. ती राहिली होती फक्त नकाशावर.

दोन तुकडे शेजारी ठेवले. साताऱ्याकडची वाट शिवेवर जिथं येत होती, तिथून तळसंगची वाट जवळजवळ चार मिलिमीटर पश्चिमेला.

आज मी तो कागद पाहिला असता तर ओरडले असते. त्या दिवशी मला वाटलं, चला, हात दाखवायची संधी आली! मी निम्मं निम्मं केलं. पाऊण इंचात असं वळण काढलं, की नदीनेही माझ्याकडून धडा घ्यावा. तात्यांनी भिंग लावलं आणि गप्प राहिले. साहेब म्हणाले, “वा! दोन जिल्हे एकत्र आणलेत की तुम्ही.” नकाशाच्या निळ्या प्रती निघाल्या, जागेवर गेल्या आणि मी केळी घेऊन घरी गेले.

दीड महिन्याने, एका गुरुवारी, कचेरीच्या दारात दोन माणसं भांडत भांडत आली. पुढे नऊवारीतली एक उंच बाई. हातात मुळासकट उपटलेला पानवेल. मागे पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेला एक म्हातारा. बाई म्हणजे तळसंगच्या अनसूयाआक्का. मालक फौजेत, पानमळा आक्कांचा. बारा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः लावलेला. म्हातारा म्हणजे आडवाडीचे बापू, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. दोघं एकाच एस.टी.ने आले होते आणि वाटभर भांडत आले होते.

“सायेब,” आक्कांनी वेल टेबलावर ठेवला, “तुमच्या मानसांनी माज्या मळ्यात पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. मदोमद. सोमवारी खोदनार म्हनत्यात.”

“मग खोदू द्या की!” बापू मागून म्हणाले. “आमची चाळीस घरं पान्याची वाट बघत्यात. हिच्या चार वेलांसाठी आडवाडीनं तहानेनं मरायचं व्हय?”

“चार वेल? आवं हवालदार, वेल मोजायला तरी येत्यात का तुमास्नी? आन् मी पानी नगं म्हनलं का? वाट मळ्याच्या पल्याड हुती, उगवतीला. तिकडनं न्या की.”

“नकाशा काय खोटं बोलतोय व्हय? सरकारी ऑर्डर हाय ती!”

साहेबांनी माझा जोडनकाशा उलगडला आणि माझ्या वळणावर पेन्सिल ठेवली. “बाई, वाट इथून जाते. आणि मोजणीच्या कागदावर खाली तुमची सही आहे.”

आक्का नकाशावर वाकल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “सही माजीच हाय. मास्तरनी शिकवलीया मला सही. पर ही वाट माज्या मळ्यात कवा आली? मी रोज पानं खुडती. मला दिसली न्हाई.”

मला दिसली होती. मीच काढली होती. शेजारच्या टेबलावरून मला माझं ते सुंदर वळण उलटं दिसत होतं. दोन तुकडे सांगत होते की इथं काहीतरी चुकलं आहे. ती फट म्हणजे तक्रार होती. मी तक्रारच पुसून टाकली होती. इतक्या सफाईने, की आता आक्कांकडे पुरावाच उरला नव्हता. पत्रकं वाचून वाढलेल्या मुलीने केलेलं हे काम!

मी उभी राहिले. “साहेब, ती वाट मी काढली आहे. मोजणीत ती तिथं नाही.”

मग तात्या हळूच म्हणाले, “तिने नाही, साहेब. मी शिकवलंय तिला तसं. मलाही जोड जुळत नव्हता हे दिसलं होतं. मी गप्प बसलो.” ते गप्प बसणं मी शाबासकी समजले होते.

साहेब माणूस वाईट नव्हते. सोमवारच्या खोदाईसाठी मजूर सांगून ठेवले होते, हीच त्यांची अडचण. म्हणाले, “शनिवार संध्याकाळपर्यंत मला सांगा, सातारचा कागद खरा का आपला. सांगता आलं नाही, तर सोमवारी आहे त्याच रेघेवर कुदळ पडेल.”

शुक्रवारी सकाळी पहिल्या एस.टी.ने तात्या, मी आणि साखळी धरणारे दोन खलाशी तळसंगला उतरलो. सोबत जुन्या मोजणीच्या वहीची नक्कल होती. वहीत सगळं ठीकठाक होतं. दक्षिणेच्या दोन दगडांवरून निघालेली सरळ रेघ, मळा ओलांडून, शिवेवरच्या उत्तरेच्या दगडापर्यंत. एकही खाडाखोड नाही. मोजणी करणारे गृहस्थ कधीच पेन्शनीत गेलेले.

आणि मळ्याच्या तोंडाशी आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या.

“वहाणा काढा.”

पानमळ्यात पायताण चालत नाही. आमच्याकडे पानमळा म्हणजे देवघरच. तात्यांनी काढल्या. मी काढल्या. आक्कांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरी, तुजं काय अडचनीचं न्हाई नव्हं?”

या प्रश्नावर मी आठ पानी पत्रक लिहू शकते आणि एक दिवस लिहीनच. त्या दिवशी एवढंच म्हणाले, “असतं तरी सांगितलं नसतं.” आक्कांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि खो खो हसत सुटल्या. “जा आत. माजी सून पन असंच म्हनती.”

खलाशांनी साखळी खांद्यावरून खाली सोडली, तशा आक्का पुन्हा आडव्या. “लोखंड न्हाई फरफटायचं मळ्यात. मुळं उघडी पडत्यात, वेल जातो. त्या आदीच्या सायबाला बी मी आत सोडलं नव्हतं.”

तात्या एक पाय वर धरून उभे होते, खडा टोचला म्हणून. तो पाय तसाच राहिला. “आत सोडलं नव्हतं? मग मळा त्याने ओलांडला कसा?”

“वलांडला कुटं? वळसा घालून गेला. हे अस्सं उगवतीच्या अंगानं. मग तिकडं वरच्या बाजूला माज्या खोपीत बसला. च्या पाजला, पान दिलं. लय ग्वाड मानूस. पान खाल्लं आन् तितनंच म्होरं साखळी टाकत गेला.”

तात्यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मोजणीत वळसा घालता येतो. अडचण आली तर रेघ सोडून समजा तीन साखळ्या बाजूला व्हायचं, अडचण मागे टाकायची आणि पुन्हा तीन साखळ्या परत रेघेवर यायचं. हे परत येणंच तो गृहस्थ चहापानात विसरला असेल, तर मळ्यापुढचा त्याचा सगळा कागद तीन साखळ्यांनी, म्हणजे नकाशावरच्या त्या चार मिलिमीटरांएवढा, सरकलेला. पण असेल म्हणून चालत नाही. साहेबांना आकडा हवा होता, आणि आकडा मिळायचा तर सरळ मळ्यातूनच जायला हवं होतं.

“साखळी नको, तर दोरी चालेल?” मी विचारलं.

“दोरी चालंल.”

आक्कांच्या विहिरीवरची काथ्याची दोरी आणली. बाहेर, बांधावर, साखळीला साखळी लावून तिची लांबी घेतली आणि आण्या-आण्याला चिंधीची गाठ मारली. दोरी ओलीनं वाढते, ओढलं की ताणते, म्हणून दर दोन खेपांनी बाहेर येऊन पुन्हा साखळीशी लावून बघायची. पानं खुडणाऱ्या बायांनी ती जमिनीला न टेकवता हातांवर तोलून धरली. मागचे दोन दगड आणि पुढची काठी एका ओळीत यायला हवीत, म्हणून लाल फडकं बांधलेल्या काठ्या आणखी दोघींच्या हातात. त्या हिरव्या गार काळोखात, वेलांना आधार देणाऱ्या शेवरीच्या झाडांच्या दाट सावलीत, अनवाणी तात्या बगळ्यासारखे पाऊल टाकत होते.

“आवं तात्या, पाय टेकवा पुरता,” एक बाई म्हणाली. “जमीन चावत न्हाई.”

“काठी सरळ धर आधी! डावीकडे... डावीकडे गं!”

“आमच्या वेलांच्या वळी बगा, कशा सरळ हायत,” आक्का म्हणाल्या. “आमच्याकडं दोरी-बिरी न्हाई. तुमीच साधनं घिऊन वाकडं जाता.”

एवढ्यात बापू हवालदार शीव ओलांडून आले, कडक इस्त्रीत. ते बघायला आले होते की आम्ही आक्कांच्या बाजूचा खोटा पुरावा तयार करतो आहोत की काय. मी म्हटलं, “बापू, तुम्हीच पुढचं टोक धरा. मोजा तुम्ही. तुमचा आकडा मी वहीत लिहिते.” बापूंनी बूट काढले, मोजे त्यात नीट घडी करून ठेवले आणि दोरीचं टोक असं धरलं जसं झेंडा धरलाय.

दुपार टळत आली तेव्हा आम्ही मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, शिवेच्या बांधावर बाहेर पडलो. वहीप्रमाणे समोर उत्तरेचा दगड हवा होता. समोर नुसती घाणेरीची झुडपं. दगड दूर उजवीकडे, उगवतीला, ऊन खात बसलेला.

आता उघड्यावर लोखंडी साखळी चालत होती. बापू मोजायला लागले, परेडच्या आवाजात. “एक!” खलाशी पुढे. “दोन!” आक्का त्यांच्या मागोमाग, तोंडात पदर. “तीन!”

साखळीचं टोक दगडाला टेकलं. आण्याचाही फरक नाही.

“तीन साखळ्या पुऱ्या,” बापू म्हणाले. मग त्यांच्या आवाजातली परेड गेली. “म्हंजे सातारचा कागद खरा हाय. वाट पल्याडनंच हाय की गं आक्का.”

“मी काय ईस्टीत दोन तास गानं म्हनत हुती का?”

तळसंगच्या रेघेतल्या तीन साखळ्या दुरुस्त करून मी वाटेची जागा तिथंच बांधावर काढली. खलाशांनी झुडपं तोडली. खाली दोन दगड निघाले, मधे एका बैलगाडीची रुंदी, आणि दोन्हीवर चाकांनी पाडलेल्या खाचा. मी त्या खाचेत बोट घालून पाहिलं. आयुष्यात शेकडो वाटा गिरवल्या, हात लावला तो या एका वाटेला. तात्या मांडी घालून धुळीतच बसले आणि इतके हसले की बायाही हसायला लागल्या. बापूंच्या लक्षात आलं की सरळ चारी वळणाच्या चारीपेक्षा आखूड, म्हणजे आडवाडीला पाणी लवकर पोचणार. ते स्वतःच आक्कांना सांगायला धावले, जणू भांडण कधी झालंच नव्हतं. आक्कांनी सगळ्यांना पानं लावून दिली. मी पान खात नाही. त्या दिवशी दोन खाल्ली.

शनिवारी सकाळी मी ब्लेडने माझं वळण खरवडलं. शाई निघाली, पण तिथलं कापड विरविरीत झालं. उजेडापुढे धरलं की अजून ते ठिगळासारखं दिसतं. मी म्हटलं, पूर्ण नकाशा नव्याने करते. तात्या म्हणाले, “नको. राहू दे. पुढच्या माणसाला दिसू दे.” साहेबांनी नवी प्रत पाहिली, वैतागून सही केली आणि सोमवारी खोदाई गाडीवाटेच्या जुन्या पट्टीवरून सुरू झाली.

नव्या मोजणीचा कागद सहीसाठी आक्कांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी पेन घेतलं नाही. “आदी वाचा.” बापूंनी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला. मधे दोनदा आक्कांनी थांबवलं आणि एका ठिकाणी विहिरीची बाजू खरोखरच उलटी लिहिलेली निघाली. माझ्या हाताने लिहिलेली! ती दुरुस्त झाली, मगच सही. तात्या नंतर मला म्हणाले, “आधीच्या वेळी एवढं झालं असतं ना, तर वळसा घातल्याचं त्याच दिवशी निघालं असतं.”

आता निम्मं निम्मं मी करत नाही. टोकं जुळली नाहीत तर तशीच उघडी ठेवते, शेजारी तांबड्या शाईने फरक लिहिते, आणि कारण सापडेपर्यंत जोडत नाही. माझे नकाशे आता पूर्वीइतके देखणे दिसत नाहीत. साहेब कुरकुरतात. कुरकुरू देत!

पण एक गोष्ट सलते. त्याआधीच्या वर्षांत मी असे जोड किती दिले, ते मला आठवत नाही. फलटणकडे काही, मिरजेकडे काही. आठवले ते शोधून काढले, तात्यांना घेऊन काही तपासले. बाकीचे मलाच सापडत नाहीत, कारण ते सापडू नयेत असेच मी केले होते. त्यातल्या एखाद्या रेघेखाली कुणाचा गोठा असेल, कुणाची विहीर असेल.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या शेतात, वस्तीवर, गल्लीत मोजणीची माणसं आली, तर चहा देऊन घरात बसू नका. चहा जरूर द्या, पण साखळीबरोबर शेवटच्या दगडापर्यंत चालत जा. त्यांनी कुठं वळसा घातला, कुठून परत आले, ते तुमच्या कागदावर लिहून ठेवा. आणि ते सही मागतील तेव्हा म्हणा, आधी मोठ्याने वाचून दाखवा. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत पेन हातात घेऊ नका.